बारा नगांचं काम, तेही उपग्रहाच्या इंजिनाचं. घ्यावं का?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेला आमचं छोटं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी कापायची मशीनं), वडिलांच्या काळातला सेंटर लेथ आणि आम्ही सात माणसं. आजवर हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, पंपाचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना हेच केलं. गेल्या आठवड्यात बेंगळूरच्या एका स्टार्टअपकडून ड्रॉइंग आलं. लहान उपग्रहांसाठी विजेवर चालणारं इंजिन बनवतात. शुद्ध लोखंडाच्या चकत्या आणि नळकांडी, सगळे मिळून १२ नग. काही मापांना १० मायक्रॉनची सूट (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रनआउट, म्हणजे फिरवताना भाग किती डगमगतो ते, त्याहून कडक. शिवाय पांढऱ्या सिरॅमिकची एक रिंग आहे, तिचा माल ते स्वतः देणार.

वडील म्हणतात, १२ नगांसाठी प्रोग्रॅम, फिक्श्चर (नग पकडायची जोडणी), सेटिंग म्हणजे चार दिवस मशीन अडकणार, त्यापेक्षा नेहमीच्या गिऱ्हाइकाचे दोन हजार बुश काढ. त्यांचं चूक नाही. पण ड्रॉइंग बघितल्यापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष लागत नाही. विजेवर इंजिन चालतं म्हणजे नेमकं काय होतं? आणि असं काम आपल्याकडे कुणी केलंय का?

टिळकवाडीकर
डोळे मिटून घ्या! आपल्या बेळगावात घडलेला भाग पृथ्वीभोवती फिरणार. कुंद्याचा पहिला डबा माझ्याकडून.

कास्टिंगकाका
डोळे उघडे ठेवून घ्या म्हणतो मी. ३५ वर्षं फाउंड्रीत काढली. ज्या कामात नग कमी आणि कागद जास्त, ते काम लहान माणसाला बुडवतं. आधी इंजिन काय आहे ते कुणीतरी सांगा, मग बोलू.

प्लाझ्मावेडी
काका, मी सांगते. मी शहापूरची, सध्या बेंगळूरला. प्लाझ्मावरच काम करते, पण दादांना ड्रॉइंग पाठवणाऱ्या कंपनीशी माझा संबंध नाही.

नेहमीच्या रॉकेटात इंधन जळतं आणि तापलेला वायू मागे जातो. इथे काहीच जळत नाही. टाकीत झेनॉन वायू असतो. दादांच्या ड्रॉइंगमधली पांढरी रिंग बहुतेक बोरॉन नायट्राइडची असेल, ती म्हणजे या इंजिनाची पन्हळ. पन्हळीच्या तळाशी धन टोक, तिथे दोन-तीनशे व्होल्ट. पन्हळीच्या तोंडाबाहेर कॅथोड, म्हणजे ऋण टोक, तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. ते धन टोकाकडे धावतात, पण वाटेत चुंबकीय क्षेत्र आडवं येतं आणि ते पन्हळीतच गोल गोल फिरत अडकतात. झेनॉनचा अणू तिथून जायला लागला की हे इलेक्ट्रॉन त्याला धडकतात आणि त्याचा एक इलेक्ट्रॉन उडवतात. आता तो अणू धन झाला. झेनॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोन लाख चाळीस हजार पट जड, त्यामुळे चुंबकाला तो दाद देत नाही. विजेचा दाब त्याला सरळ बाहेर फेकतो, सेकंदाला १४-१५ किलोमीटर वेगाने. बाहेर पडताना कॅथोडचेच इलेक्ट्रॉन त्याला परत मिळतात. नाहीतर उपग्रहावर ऋण भार साचत जाईल. याला हॉल थ्रस्टर म्हणतात.

शुद्ध लोखंडाच्या चकत्या ते चुंबकीय क्षेत्र नेमक्या जागी आणून सोडतात. दादा, तुमची चकती एका बाजूला सरकली तर क्षेत्र सरकेल आणि पन्हळ एकाच बाजूने झिजेल. रनआउट एवढा कडक का, त्याचं उत्तर हे.

निपाणीचा नातू
इतकं सोपं करून आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. ताई, जोर किती मिळतो?

प्लाझ्मावेडी
लहान उपग्रहाला बसणारा थ्रस्टर असेल तर साधारण १० मिलिन्यूटन धरा. तळहातावर एक ग्रॅम वजन ठेवल्यावर जेवढं जाणवेल तेवढा.

कास्टिंगकाका
एक ग्रॅम! अगं पोरी, कढईतल्या फोडणीची मोहरी त्याहून जोरात उडते.

प्लाझ्मावेडी
काका, मोहरी एकदाच उडते. हे महिनोन्‌महिने चालू राहतं. हिशेब करून दाखवते.

१०० किलोचा उपग्रह, जोर १० मिलिन्यूटन. वर हवेचा अडथळा नगण्य, घर्षण नाही. एका दिवसात वेगात सेकंदाला साडेआठ मीटरहून थोडा जास्त फरक पडतो. ५०० किलोमीटरच्या कक्षेतून ६०० च्या कक्षेत जायला सेकंदाला सुमारे ५५ मीटर लागतात. म्हणजे न थांबता चालवलं तर सहा-सात दिवस. पृथ्वीच्या सावलीत बंद ठेवलं तर आणखी काही दिवस. झेनॉन किती लागेल? साधारण ४०० ग्रॅम. हेच काम हायड्रॅझिन या नेहमीच्या द्रव इंधनावर केलं तर अडीच किलोच्या आसपास जातं, आणि हायड्रॅझिन विषारी, भरताना माणसाला बंद सूट घालावा लागतो. वीज म्हणाल तर दीडशे-दोनशे वॅट, घरातल्या दोन-तीन पंख्यांएवढी.

त्या एका ग्रॅमच्या भरवशावर जमिनीवरून मात्र काहीच उचलता येत नाही. वर न्यायला रॉकेटच लागतं.

कास्टिंगकाका
पटलं. पण एक शंका राहिली. इंजिन किलो-दोन किलोचं असेल, त्याचा एक ग्रॅमचा रेटा मोजतात कसा? सोनाराच्या काट्यावर तर ठेवता येणार नाही.

प्लाझ्मावेडी
प्रश्न आवडला. निर्वात टाकीत थ्रस्टर लंबकासारखा टांगतात. चालू केला की लंबक काही मायक्रॉन सरकतो, ते सरकणं मोजतात. आधी माहीत असलेलं बारीक वजन लावून काटा बसवून घेतलेला असतो. तारांच्या ताणानेही आकडा बिघडतो, म्हणून ताराही फार विचाराने ओढाव्या लागतात.

मलप्रभेकाठी
काकांनी ‘रेटा’ म्हटलं ते मला फार आवडलं. पुस्तकात ‘प्रणोद’ आणि ‘प्रणोदन’ असतं. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवते. प्रणोद म्हटलं की पोरं खिडकीबाहेर बघतात, रेटा म्हटलं की बाकाला रेटा देऊन दाखवतात. ‘विजेचा रेटा’ म्हणूया की.

टिळकवाडीकर
विजेचा रेटा, +१. मोहरीचा रेटा, +१००.

हिशोबनीस
मी लहान उद्योगांचे हिशेब बघतो. विज्ञान छान आहे, पण धागाकर्त्याच्या पैशाचं बोलूया. माझ्या एका अशिलाने दोन वर्षांपूर्वी एका स्टार्टअपला नमुने करून दिले. नाव लिहीत नाही, अवकाशातली कंपनी नव्हती. पोरं हुशार, बोलणं गोड, पण गुंतवणुकीचा पुढचा हप्ता आला नाही आणि याचं बिल आठ महिने लटकलं. शेवटी मिळालं, पण तोवर याने इन्सर्टवाल्याचे, म्हणजे मशीनची कापायची पाती विकणाऱ्याचे, पैसे व्याजाने काढून भागवले होते.

म्हणून सांगतो. उद्यम नोंदणी चालू आहे ना बघा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे यायला हवेत. प्रोग्रॅम, फिक्श्चर आणि पहिल्या नगाची तपासणी यांचे पैसे एकरकमी वेगळे लावा, नगाच्या दरात मिसळू नका. निम्मी रक्कम आगाऊ. आणि रिजेक्शन कुणाच्या मापावर ठरणार, तुमच्या की त्यांच्या, ते पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरीत, लिहून घ्या.

उद्यमबागकर
हिशोबनीस साहेब, शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यातही नव्हता. ड्रॉइंगचा एक कोपरा इथे टाकू का? एक चिन्ह समजत नाही.

राजहंसगड
टाकू नका! गोपनीयतेच्या कागदावर सही केली असणार तुम्ही. चिन्ह शब्दांत सांगा.

मी हत्तरगीच्या बाजूला विमानांच्या भागांच्या तपासणीत ११ वर्षं आहे. तुमच्या कामातलं थोडं ठाऊक आहे, ते लिहितो.

शुद्ध लोखंड मऊ असतं. चिप तुटत नाही, टूलला चिकटते. धारदार, पॉझिटिव्ह रेकचा इन्सर्ट घ्या, कट हलका ठेवा. मशीनिंगचा ताण बसला की त्याचा चुंबकीय गुण उतरतो, म्हणून नंतर निर्वात किंवा हायड्रोजनच्या भट्टीत ताण काढायचं अ‍ॅनीलिंग असतं. ड्रॉइंगवर कुठेतरी लिहिलेलं असेल, ते शेवटी आहे की मधे हे नीट वाचा.

बोरॉन नायट्राइड खडूसारखं कापलं जातं, पण कूलंट अजिबात नको. ओल शोषून घेतं आणि निर्वातात तीच ओल बाहेर येते. कोरडंच कापा, धूळ ओढायला व्हॅक्यूम लावा, माणसाला मास्क द्या. चक हलकी आवळा, कड लगेच उडते.

झिंक किंवा कॅडमियमचं प्लेटिंग चालणार नाही, पितळही गरम जागी नको. निर्वातात तापलं की जस्त उडतं आणि दुसरीकडे जाऊन बसतं. स्क्रूच्या बंद भोकाला बाजूने एक बारीक भोक दाखवलं असेल, ते विसरू नका. आत कोंडलेली हवा आठवडाभर झिरपत राहते.

तेलकट हात लावायचा नाही. अल्ट्रासॉनिक टाकीत धुवायचं, मग हातमोजे, मग बंद पिशवी. आणि मालाचा हीट नंबर (तो कुठल्या ओतीतला ते सांगणारा क्रमांक) प्रत्येक नगापर्यंत पोचला पाहिजे.

उद्यमबागकर
ते बाजूचं बारीक भोक! हेच चिन्ह समजत नव्हतं. मला वाटलं ड्राफ्ट्समनची चूक आहे, मी काढूनच टाकणार होतो.

राजहंसगड
बरं झालं विचारलंत.

संकेश्वरी मिरची
मी मोटार रिवाइंडिंग करतो. ताई, चुंबक म्हणजे कॉइल असणारच. ती कोण गुंडाळतो? आमच्या कामाचं काही?

प्लाझ्मावेडी
काही ठिकाणी कायम चुंबक असतात, काही ठिकाणी कॉइल. कॉइल असेल तर नेहमीची इनॅमलची वायर तिथल्या उष्णतेत टिकत नाही, काचेचं किंवा सिरॅमिकचं वेष्टन असलेली तार लागते. थर एकावर एक नीट बसवणं हे हाताचंच कसब आहे. तुमच्यासारख्या माणसाला ते शिकायला वेळ लागणार नाही असं मला मनापासून वाटतं.

मलप्रभेकाठी
थोडं अवांतर. पांढऱ्या सिरॅमिकवरून आठवलं. आमचं खानापूर कौलांचं आणि मातीकामाचं गाव. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाही इथे आहे. माझ्या आजोळी कौलांची भट्टी होती. भट्टीतली आच रंगावरून ओळखणारी माणसं अजून आहेत. ही रिंग आपल्याकडे का होऊ नये?

राजहंसगड
ताई, भावना समजली, पण गोष्ट वेगळी आहे. बोरॉन नायट्राइड मातीसारखं भिजवून, वळून, भाजून होत नाही. त्याची भुकटी सुमारे १८०० अंश आणि वर तापवत मोठ्या दाबाखाली ठोकळ्यात दाबतात, मग ठोकळ्यातून भाग कापतात. कौलाची भट्टी हजार-अकराशेच्या पुढे जात नाही.

मलप्रभेकाठी
भट्टी वेगळी, हे मान्य. पण आच, आकसणं आणि तडे यांचं ज्ञान वाया जातं असं मी म्हणणार नाही. कौल वाळताना किती आकसेल ते आजोबा साचा करतानाच धरून चालायचे. त्या घरातलं पोर सिरॅमिक शिकायला गेलं तर ते इतरांच्या पुढे असेल.

कास्टिंगकाका
ताईंशी सहमत. एक जुनी गोष्ट सांगतो. लेथचा बेड ओतला की पूर्वी वर्षभर उघड्यावर टाकून द्यायचे. ऊन, पाऊस, थंडी खाऊ द्यायचे. नवीन पोरांना वाटायचं, माल गंजतोय. खरं तर आतला ताण निवत असायचा. घाई करून कापलेला बेड सहा महिन्यांनी वाकडा व्हायचा. लोखंडाला उसंत द्यावी लागते. उद्यमबागकर, वडिलांना विचारा, त्यांना ठाऊक असेल.

चिकोडीचा वाटसरू
मला मूळ गोष्टच खटकते. ही इंजिनं आत्ताच का निघाली? मोठमोठ्या संस्थांना आधी सुचलं नाही?

प्लाझ्मावेडी
सुचलं होतं, आणि फार आधी. अमेरिकेने १९६४ मध्ये सर्ट-१ या यानावर आयन इंजिन अवकाशात चालवलं. सोव्हिएत संघाने १९७१ च्या अखेरीस सोडलेल्या मेटिओर उपग्रहावर याच जातीचं, म्हणजे हॉल इंजिन होतं. युरोपचं स्मार्ट-१ हे यान २००३ मध्ये निघालं आणि हॉल थ्रस्टरच्या जोरावर वर्षभराने चंद्राशी पोचलं. आपल्या इस्रोने ५ मे २०१७ ला सोडलेल्या जीसॅट-९ वर विजेचं इंजिन होतं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ३०० मिलिन्यूटनच्या थ्रस्टरची १००० तासांची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर केलं.

बदललं ते गिऱ्हाईक. पूर्वी उपग्रह मोठे आणि मोजके. आता लहान उपग्रह डझनांनी, एका रॉकेटवर वाटेकरी होऊन जातात. रॉकेट सगळ्यांना एकाच थांब्यावर उतरवतं, पुढचं घर ज्याचं त्याने गाठायचं. खालच्या कक्षेत विरळ का होईना हवा असते, ती उपग्रहाला हळूहळू खाली ओढते, तेव्हा अधूनमधून वर सरकावं लागतं. आणि आयुष्य संपलं की खाली येऊन जळून जावं लागतं. अमेरिकेने २०२२ मध्ये काम संपल्यावर पाच वर्षांत खाली आणायचा नियम केला. भारतानेही २०३० पर्यंत कचरा न करणाऱ्या मोहिमांचं उद्दिष्ट जाहीर केलंय.

खाजगी कंपन्यांना दार उघडलं ते २०२० नंतर, इन-स्पेस ही खाजगी कंपन्यांना परवानगी देणारी सरकारी संस्था आल्यावर. बेंगळूरची बेलाट्रिक्स २०१५ पासून यात आहे. १ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ ने मुख्य उपग्रह सोडल्यावर उरलेला चौथा टप्पा फेकून न देता प्रयोगांसाठी वापरला. त्यावर बेलाट्रिक्सच्या हॉल थ्रस्टरचा कॅथोड होता.

चिकोडीचा वाटसरू
एसटीने स्टँडवर सोडायचं आणि पुढे वाडीपर्यंत आपली सायकल. कळलं ताई, शंका मागे घेतो.

निपाणीचा नातू
झेनॉन महाग असतो ना? दुसरं काही चालत नाही?

प्लाझ्मावेडी
हवेच्या एक कोटी भागांत झेनॉनचा जेमतेम एक भाग. म्हणून महाग. स्टारलिंकने आधी क्रिप्टॉन वापरला, मग आर्गॉन. हो, वेल्डिंगवाले वापरतात तोच आर्गॉन. फ्रान्सच्या थ्रस्टमीने २०२० मध्ये सुटलेल्या एका लहान उपग्रहावर आयोडीन चालवून दाखवलं. आयोडीन घन असतं, जड टाकी लागत नाही, पण गंजवतं फार. ऑस्ट्रियाची एन्पल्शन इंडियम धातू वितळवून वापरते. प्रत्येकात काहीतरी द्यावं लागतं. आर्गॉन स्वस्त, पण त्याचे आयन करायला जास्त वीज लागते.

टिळकवाडीकर
उद्यमबागकर गायब झाले. दादा, घेतलं काय काम?

*(अडीच महिन्यांनंतर)*

उद्यमबागकर
धागा वर काढतोय. माफ करा, तोंड दाखवायला उशीर झाला.

काम घेतलं. हिशोबनीस साहेबांनी सांगितलं तसं सेटिंगचे पैसे वेगळे, निम्मे आगाऊ, आणि माप त्यांच्याकडच्या सीएमएमवर (बारीक मापं घेणाऱ्या मशीनवर) पण आमच्या माणसासमोर. त्यांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही. उलट त्यांची इंजिनियर मुलगी म्हणाली, आधीच्या दोन शॉपनी विचारलंच नव्हतं.

पहिल्या खेपेत १२ पैकी चार नग गेले. मशीनवरून उतरवताना सगळे मापात होते. अ‍ॅनीलिंग करून आले तेव्हा चार चकत्या २०-२५ मायक्रॉन वाकल्या होत्या. दोन रात्री झोपलो नाही. मग कास्टिंगकाकांचा बेडवाला प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते तोवर या कामाकडे ढुंकून बघत नव्हते. ऐकून म्हणाले, “मग हिला पण उसंत दे की. एकदम मापाला का नेतोस?” दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच शॉपवर हजर.

आता असं करतो. आधी रफ, सगळीकडे ०.३ मिलिमीटर जादा ठेवून. मग एकदा ताण काढायची भट्टी. मग फिनिश, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून हलके कट. शेवटच्या अ‍ॅनीलिंगला चकत्या सपाट पाटीवर, वर वजन ठेवून. हा क्रम कंपनीला आधी लिहून पाठवला, त्यांनी मान्य केला. चार नग पुन्हा केले, चारही पास. सिरॅमिकची रिंग मात्र पहिल्याच फटक्यात जमली, ती सेंटर लेथवर वडिलांनी स्वतः कापली. हाताला आवाज कळतो म्हणाले.

कास्टिंगकाका
वडिलांना माझा नमस्कार सांगा. वाचून डोळे भरून आले, खोटं नाही.

हिशोबनीस
पैसे?

उद्यमबागकर
३८ व्या दिवशी पूर्ण. मशीनचे तास धरले तर बुशच्या कामाइतकंच सुटलं, चार नगांचा दुसरा फेरा आमच्या खिशातून. पुढची ऑर्डर ३० नगांची आलीय, त्यात फिक्श्चर तयार आहे. राजहंसगड दादा, त्यांनी हीट नंबरची वही मागितली तेव्हा ती तयार होती, तुमच्यामुळे.

राजहंसगड
वही आता थांबवू नका. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या कामालाही तशीच ठेवा.

मलप्रभेकाठी
दादा, माझ्या शाळेतली नववीची आठ-दहा मुलं घेऊन आले तर शॉप दाखवाल का? त्यांना लोखंड कापताना बघायचंय. धागा वर्गात वाचून दाखवलाय, ‘एक ग्रॅमचा रेटा’ सगळ्यांना पाठ आहे.

उद्यमबागकर
जरूर या ताई. शनिवारी दुपारी तीननंतर मशीन मोकळी असतात. पोरांना पायात बूट हवेत, चपला नकोत, मुलींनी वेण्या बांधून याव्यात. वाकलेल्या चार चकत्या मी फेकल्या नाहीत, त्या त्यांच्या हातात देतो. वाकलेल्या कशा ओळखायच्या ते वडील शिकवतील.